क्लोज्ड म्हंजी चालू

हे लिहायचं न्हाई असं ठरवून तीन वेळा लॅपटॉप मिटला. परत उघडला. कंपनीच्या नावानं रोज लिहितो, एकदा स्वतःच्या नावानं लिहून बघू म्हणलं. वाचून कुणाला माझी घाण वाटली तर वाटू दे. मला पण वाटतीय.

मी हृतिक. वडगाव रासाईचा. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. प्रोग्रामिंग फोनवर व्हिडिओ बघून शिकलो, ते पण गच्चीवर बसून, कारण घरात रेंज न्हाई. दोन वर्षं झाली पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरनं करतोय. कंपनी डबा बनवती. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला लावायचा डबा, आत सिमकार्ड. शेतकरी घरात चहा पीत फोनवरनं मोटर चालू-बंद करतो.

पण शेतकऱ्याच्या फोनमधलं ॲप कंपनी बनवत न्हाई. ते गावोगावची माझ्यासारखी पोरं बनवत्यात. त्यांच्या ॲपनं आमच्या डब्याला हुकूम कसा सोडायचा, ते आमच्या साईटवर लिहिलेलं असतंय. त्या हुकमांना एपीआय म्हणत्यात, आन् ते समजावणाऱ्या पानांना डॉक्स. त्या पानांवर कोडची उदाहरणं असत्यात. ती लिहायची आन् चुकली तर दुरुस्त करायची, एवढंच माझं काम.

आता खरं सांगतो, डॉक्स कुणी वाचत न्हाई. उदाहरणाच्या कोपऱ्यात कॉपीचं बटण असतंय. ते दाबायचं, आपल्या कोडात चिकटवायचं, चाललं की पुढं. मी पण तसंच शिकलो. म्हणून वरच्या वर्णनात चूक झाली तर कुणाचं काय अडत न्हाई, पण उदाहरण चुकलं की चिकटवणाऱ्या सगळ्यांचं चुकतं. माझ्या वरच्या धनश्री मॅडमनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं.

आता चूक सांगतो.

डब्यात एक सेटिंग हाय. लाईट गेली आन् परत आली, तर मोटरनं काय करायचं? आपसूक सुरू व्हायचं का गप बसायचं? त्याला दोन शब्द हायत, ओपन न्हाईतर क्लोज्ड. मी उदाहरण लिहिलं. वर लिहिलं, 'लाईट आली तरी मोटर बंदच ठेवायची असेल तर', आन् खाली टाकलं क्लोज्ड. बंद म्हंजी क्लोज्ड. दुकान बंद, शाळा बंद, गेट बंद, सगळं क्लोज्ड. पाच मिनिटाचं काम. पुढच्या उदाहरणावर गेलो.

वायरीचं उलटं असतंय. दार बंद केलं की माणूस आत येत न्हाई, पण सर्किट क्लोज केलं की करंट आत येतो. क्लोज म्हंजी वायरीची दोन टोकं जुळली. चालू. ओपन म्हंजी टोकं सुटली, मोटर गप. मी मराठीत विचार केला, इंग्रजीत टाईप केलं, आन् बरोब्बर उलटं लिहिलं. ज्याला मोटर गप ठेवायचीय त्याच्या हातात मोटर सुरू करायचा हुकूम दिला. वर डबा उत्तरात पाठवायचा, क्लोज्ड. पोरांची ॲपं त्याचं मराठी करून शेतकऱ्याला दाखवायची, 'मोटर बंद आहे'.

टेस्ट केलं का? न्हाई. हुकूम सोडला, सक्सेस असं उत्तर आलं, झालं समाधान. खरीखुरी लाईट घालवून परत आणून मी बघितलं न्हाई, अजून कुणी बघितलं न्हाई. कुणाची मोटर आपसूक सुरू झाली असंल तर त्यानं नेटवर्कला शिव्या घातल्या असतील. चौदा महिने ते पान तसंच हुतं.

रिजवान कासुर्डीचा. त्याच्या वडलांचं, कासमचाचांचं, हायवेच्या कडंला मोटर भरायचं दुकान हाय. जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी भरायची. आमची वळख एका कोडिंगच्या ग्रुपवर झाली. दोघांनी एकाच दिवशी एकच येडा प्रश्न विचारला हुता आन् दोघांना एकच शिवी बसली. मग कळलं, मधी फक्त नदी हाय. तवापासनं रोज बोलणं. त्यानं आमच्या डब्यावर ॲप बनवलं ते माझ्याच सांगण्यावरनं. तीस-पस्तीस शेतकऱ्यांनी घेतलं. ॲप चांगलं हाय म्हणून न्हाई, कासमचाचाचं पोरगं हाय म्हणून.

महिन्याभरापूर्वी त्यानं ॲपमधी एक बटण वाढवलं. 'बंद म्हंजी बंद'. मोटरपाशी दुरुस्तीला जाताना दाबायचं, मग लाईट आली तरी मोटर हलणार न्हाई. त्यासाठी माझं उदाहरण कॉपी केलं.

मंगळवारी सकाळी खुटबावात बिरदेवमामानं ते बटण दाबलं. मामा म्हंजी माझ्या आईचा चुलतभाऊ. त्याच्या विहिरीत मोटर आतल्या कठड्यावर बसवलेली हाय, स्टार्टर वर पत्र्याच्या खोपटात. पंपापाशी पाणी गळत हुतं म्हणून तो खाली पंपाच्या दांड्याभोवती गळती थांबवायची दोरी भरायला उतरला. लाईट आधीच गेलेली. फोनवर दिसत हुतं, मोटर बंद आहे. अकराच्या सुमाराला लाईट आली. मोटर आन् पंप जिथं जोडलेले असत्यात तिथं मामाचा हात हुता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याच्या शेजारची.

रिजवान दवाखान्यात गेला तर गितामामी दारातच उभी राहिली. म्हणाली, "तुझ्या बापानं तीस वर्षं आमच्या मोटरी भरल्या, कुणाचं नख गेलं न्हाई." आत सोडलं न्हाई त्याला. गावात तर सरळ बोलायला लागले, पोराला काय येत न्हाई, बापाच्या नावावर खेळ मांडलाय. दोन दिसांत निम्म्या लोकांनी ॲप काढून टाकलं, आन् चाचांच्या दुकानातनं दोघंजण न भरलेल्या मोटरी उचलून घेऊन गेले.

मी काय केलं? मामाच्या पोराला व्हॉट्सॲपवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

बुधवारी रिजवानची तक्रार कंपनीला आली. सगळं नीट लिहिलं हुतं त्यानं, कुठला हुकूम सोडला, किती वाजता, काय उत्तर आलं. मी वाचलं आन् तिथंच कळलं. पान उघडलं, क्लोज्ड. कान तापले. ते कुणी लिहिलं ते बघायला गेलो न्हाई, म्हाईतच हुतं.

गुरुवारी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. मी सांगून टाकलं, उदाहरण उलटं हाय, मीच लिहिलंय. मला वाटलं शिव्या बसतील. शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं. मॅडमनी आवाज एकदम मऊ केला.

"हे बघ हृतिक, ही टायपो आहे. टायपो आपण रोज दुरुस्त करतो."

मी म्हणलं, माणसाची बोटं गेलीत. त्या म्हणाल्या, खूप वाईट वाटतं, पण विहिरीत उतरताना मेन फ्यूज काढायला हवा होता, हे डब्याच्या खोक्यावर छापलंय. मग म्हणाल्या, आत्ता लगेच दुरुस्त कर, नोंदीत फक्त 'टायपो' लिही. आन् दुरुस्ती टाकताना खाली एक चौकोन असतो, 'सगळ्यांना कळवा'. त्यात खूण केली की एपीआय वापरणाऱ्या सगळ्यांना मेल जातो. त्यात खूण करू नको म्हणाल्या. उगाच पॅनिक होतं.

पान किती वेळा कॉपी झालं ते आम्हाला दिसतं. दोनशे चौदा. ते मॅडमच्या पण स्क्रीनवर हुतं. मी आकडा बोललो तर म्हणाल्या, कॉपी केलं म्हणजे वापरलं असं नाही.

मी क्लोज्ड पुसलं, ओपन लिहिलं. नोंदीत लिहिलं, टायपो. चौकोन मोकळा ठेवला. बटण दाबलं. दहाच्या दहा बोटांनी.

मग मॅडमनी रिजवानला द्यायचं उत्तर सांगितलं आन् मी ते टाईप केलं. 'आपण सेटिंगमध्ये पाठवलेली व्हॅल्यू चुकीची आहे. कृपया आमचं डॉक्युमेंटेशन पाहा.' पाठवलं.

सगळ्यात घाण गोष्ट आता सांगतो. पाठवल्यावर मला हायसं वाटलं. आईनं ताट वाढलं, मी जेवलो. भूक लागली हुती. शेवग्याची आमटी हुती, दोनदा घेतली. त्या दुसऱ्या वाटीची मला अजून शिसारी येती.

शुक्रवार-शनिवार रिजवानचा फोन आला न्हाई, मी पण केला न्हाई. आज रविवार. सकाळी गाडी काढली, पूल वलांडला, कासुर्डीला गेलो. कशाला जातोय ते मला पण सांगता येत नव्हतं. कदाचित त्याला अजून काय कळलं न्हाई ना, एवढंच बघायला.

चाचा स्टूलावर बसून मोटरीत तांब्याची तार भरत हुते. रिजवान खाली पोत्यावर, मांडीवर लॅपटॉप. दाढी वाढलेली. मला बघून म्हणाला, "ये साहेब. टायमावर आला. माझी तोंडी परीक्षा चाललीय."

चाचांनी मान वर केली न्हाई. "सर्किट क्लोज म्हंजी चालू. आठवी नापास माणसाला कळतंय ते. ह्यो बारावी पास हाय."

"अब्बा, मला पण म्हाईत हाय," रिजवान म्हणाला. "पण त्यांच्या पानावर क्लोज्ड लिहिलं हुतं. मला वाटलं डबा त्यांचा, भाषा त्यांची. त्यांच्यात तसं म्हणत असतील."

"मग दाखव की पान. मेल आल्यापासनं नुसता बंद लॅपटॉप घेऊन बसलायस."

मला वाटलं आता उठावं. पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जावं. बसून राहिलो.

रिजवाननं पान उघडलं. खाली सरकवलं. थांबला. वर नेलं, परत खाली आणलं. पान परत लोड केलं. मग डोळे स्क्रीनच्या अगदी जवळ नेले, म्हाताऱ्या माणसानं औषधाची बाटली वाचावी तसे.

"ओपन लिहिलंय," तो म्हणाला.

चाचांनी चष्मा लावला, वाकून बघितलं. इंग्रजी त्यांना येत न्हाई, पण ओपन आन् क्लोज हे दोन शब्द येत्यात, तीस वर्षं स्विचवर वाचलेत. म्हणाले, "कागद तर बरोबर बोलतोय. मग खोटं कोण बोललं?"

"मीच बोललो असंन." एवढं हळू की हायवेवरच्या ट्रकात निम्मं गेलं. "मला क्लोज्ड कसं दिसलं काय म्हाईत. मी नीट बघितलंच नसंल."

त्याच्या कोडात तो शब्द अजून हाय, माझ्याच पानावरनं उचललेला, तरी तो स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत हुता. जुनी पानं जपून ठेवणाऱ्या साईट असत्यात, तिथं दोन मिनिटात सापडलं असतं. त्याला सुचलं पण न्हाई. कंपनीचं पान खोटं आन् आपण खरं, असं आमच्यासारख्या यूट्यूबवर शिकलेल्या पोरांना सुचतच न्हाई. मॅडमला हे म्हाईत हुतं का न्हाई, ठाऊक न्हाई. मला म्हाईत हुतं.

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "हृत्या, तुझंच पान हाय ना हे? तू सांग. कवा क्लोज्ड हुतं का इथं?"

"हुतं," मी म्हणलं.

चाचांचा हात तारेवर थांबला.

"चौदा महिने हुतं. मी लिहिलं हुतं. गुरुवारी दुपारी मीच बदललं."

रिजवाननं लॅपटॉप मिटला. आपटला न्हाई, सावकाश मिटला. "आन् तो मेल? कृपया पान पाहा?"

"मॅडमनी सांगितलं. लिहून पाठवलं मी."

"म्हंजी तुला म्हाईत हुतं मी पान बघणार. आन् मला काय दिसणार ते पण."

"व्हय."

"मेल आल्यापासनं मी स्वतःला येडा समजतोय. पान उघडायचा धीर हुत न्हवता, उघडलं आन् खरंच मीच चुकलेलो असलो तर? पानावर क्लोज्डच हुतं म्हणून अब्बापुढं शपथ घेतली मी. ती पण खोटी निघाली असं वाटलं मला आत्ता." मग विचारलं, "नोंदीत काय लिहिलंस?"

"टायपो."

तो हसला. तसलं हसू मी त्याच्या तोंडावर कवा बघितलं नव्हतं. "टायपो. दोन अक्षरं न्हाई गेली हृत्या, दोन बोटं गेली."

मला वाटलं चाचा आता दुकानातनं हाकलतील. ते उठले, हात पुसले, आन् एकच गोष्ट विचारली. "अजून किती जणांनी हे चिकटवलंय?"

मी म्हणलं, दोनशे चौदा वेळा कॉपी झालंय.

"म्हंजी तितक्या विहिरी?"

"तितक्या नसतील चाचा. कमी असतील. एकेकाकडं जास्त पण असतील. म्हाईत न्हाई."

"आन् त्यांना सांगितलंस, बदला म्हणून?"

"न्हाई."

चाचा म्हणाले, "आन् इथं येऊन बसलायस."

त्यांचं म्हणणं एवढंच हुतं. गुरुवारी मी जे दुरुस्त केलं ते फक्त पान. त्याच्या आधी ज्यांनी चिकटवलं त्यांच्या फोनवर अजून 'मोटर बंद आहे' दिसतंय. पान दुरुस्त झाल्यावर तर त्यांना चूक सापडायची वाट पण बुजली. हे मला गुरुवारीच कळत हुतं. कळत असून आमटी प्यालो.

रिजवाननं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. मी पोत्यावर बसलो, माझ्या नावानं आत शिरलो, पानाच्या अगदी वर, उदाहरणाच्या आधी, सूचना लिहायला लागलो. इंग्रजी आन् मराठी दोन्हीत. मराठीतलं पहिलं वाक्य असं आलं, 'काही विशिष्ट परिस्थितीत अनपेक्षित वर्तन आढळून येऊ शकतं.' रिजवान मागनं वाचत हुता.

"हे कुणाच्या तोंडचं हाय?" तो म्हणाला. "वर्तन काय? मोटर काय शाळेत जाती? सरळ लिही की."

पुसलं. कंपनीची भाषा अजून अंगातनं गेली नव्हती. परत लिहिलं:

'चौदा महिने हे उदाहरण चुकीचं होतं. मोटर बंद ठेवायला क्लोज्ड लिहिलं होतं. क्लोज्ड म्हणजे चालू. ज्यांनी हे कॉपी केलं त्यांच्या मोटरी लाईट आल्यावर आपोआप सुरू होतात, फोनवर बंद दिसत असलं तरी. त्यामुळे एका माणसाची बोटं गेली आहेत. ॲप बनवणाऱ्याची चूक नव्हती, त्याने पानावर होतं तेच केलं. आजच बदला. बदलेपर्यंत मोटरला हात लावताना फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा काढून खिशात ठेवा. चूक माझी.' खाली नाव, हृतिक, गाव पण.

फ्यूजचं चाचांनी सांगितलं. म्हणाले, बिरदेवला मीच शिकवलं हुतं ग्रिपा खिशात टाकायला, फोन आला आन् खिसे रिकामे झाले.

नोंदीत ह्या वेळी टायपो न्हाई लिहिलं. चौकोनात खूण केली. दाबलं. मेल एकदा गेला की परत वढून आणता येत न्हाई, हे एक बरं हाय.

पंचवीस मिनिटांनी पहिलं उत्तर आलं. इंदापूरकडचा कुणी पोरगा. 'चेक केलं. आमच्याकडं पण क्लोज्डच होतं. सतरा मोटरी. बदलल्या.' रिजवाननं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सतरा. चाचांनी तार परत हातात घेतली आन् खाली बघून कामाला लागले. नंतर अजून नऊ उत्तरं आली. एकात मला आईवरनं शिवी हुती. ती वाचून जरा बरं वाटलं.

मॅडमचे सात फोन आले. आठव्याला उचलला. त्या ओरडल्या न्हाईत, ओरडत न्हाईतच त्या. सूचना पानावरनं काढल्याचं सांगितलं, आन् उद्यापासून यायची गरज नाही म्हणाल्या. मी तर कुठं जातच नव्हतो, घरनंच काम करत हुतो. पाच मिनिटात माझं लॉगिन बंद. घरी अजून सांगितलेलं न्हाई. तेवढी हिंमत आज उरली न्हाई.

रिजवाननं माझ्या सूचनेच्या मेलची प्रिंट काढली, यवतला जाऊन. घडी घालून वरच्या खिशात ठेवली. मला वाटलं आता आमचं मिटलं. मी तसं काहीतरी बोललो पण. तो म्हणाला, "मिटलं बिटलं काय न्हाई. तुझं पान दुरुस्त झालं, माझं न्हाई झालं अजून. मी तुला माफ केलंय असं घरी जाऊन लिहू नको."

म्हणून लिहीत न्हाई. केलेलं न्हाई त्यानं.

मामाला काल घरी सोडलंय. रिजवानला उद्या खुटबावला जायचंय, पण पाय निघत न्हाईत. म्हणाला, मामी परत दारात उभी राहिली तर मी कागद कसा दाखवू? कागदाला कोण विचारतंय तिथं, त्यांना माणूस लागतो. आन् माझ्या तोंडावर त्यांचा विश्वास न्हाई राहिला.

गाडीला किक मारताना मी त्याला सांगितलं. उद्या नऊ वाजता मी खुटबावच्या फाट्यावर येतो. मामाच्या दारातनं आधी मी आत जाणार. तू कागद खिशातच ठेव, मी म्हणल्याशिवाय काढू नको. मामीपुढं पहिलं तोंड मी उघडीन, आन् मामाच्या हाताच्या पट्टीकडं बघत सांगीन, खाली बघणार न्हाई.